मागच्या खोलीतली नव्वद मिनिटं

सुलक्षणाला अभ्यासाचा कंटाळा कधी आला नाही. तिला वीट आला होता तो लोकांनी दिलेल्या प्रेरणेचा.

नवरा कुमार वरव्याजवळच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. तिथल्या चहाच्या सुट्टीत तो तिला रोज एक व्हिडिओ पाठवायचा. व्हिडिओत कोट घातलेला कुणीतरी इसम येरझाऱ्या घालत ओरडत असायचा, की तुम्ही मनात आणलंत तर डोंगर हलवाल. सुलक्षणाला डोंगर हलवायचा नव्हता. तिला संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यायची होती आणि त्यासाठी दिवसातून एकदा नव्वद मिनिटं एका जागी बसायचं होतं. व्हिडिओ अकरा मिनिटांचा असायचा. संध्याकाळी घरी आला की कुमार पायातले बूट काढता काढता विचारायचा, "बघितलास का? काय घेतलंस त्यातनं?" त्यामुळे न बघून सुटका नव्हती.

शिवाय त्याने घरभर कागद चिकटवले होते. फ्रीजवर एक, आरशावर एक, पिठाच्या डब्याच्या झाकणावर एक. झाकणावरच्या कागदावर मोठ्या अक्षरात 'थांबू नकोस' असं लिहिलं होतं. सकाळी सात माणसांच्या भाकरीचं पीठ काढताना ते वाचलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

कुमार माणूस वाईट नव्हता. बायकोने शिकावं असं त्याला मनापासून वाटायचं, फक्त त्यासाठी आपण चहाचा कप तरी स्वतः विसळावा हे त्याला कधी सुचलं नव्हतं. बायकोचं अडतंय ते जिद्दीपाशी, अशी त्याची खात्री होती. आणि जिद्द तर मोबाईलवरून फुकट पाठवता येत होती.

सुलक्षणा भोरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली तेव्हा वर्गात पहिली आली होती. निकालानंतर अठ्ठाविसाव्या दिवशी तिचं लग्न झालं आणि ती भोंगवलीला आली. पुढचं शिक्षण लग्नानंतर, असं दोन्हीकडच्या मंडळींनी सुपारी फोडताना कबूल केलं होतं. कुणी खोटं बोललं होतं असंही नाही. पुढे त्याची कुणाला आठवण राहिली नाही, एवढंच. सात वर्षं गेली, मुलगी पाच वर्षांची झाली. गेल्या वर्षी हट्टाने तिने परीक्षेचा अर्ज भरला, परीक्षा दिली आणि सहा गुणांनी यादीतून राहिली. शेवटचे चौदा प्रश्न तिने वाचलेसुद्धा नव्हते. घरी कधी सलग नव्वद मिनिटं बसायला मिळालंच नाही, तर वेळेचा अंदाज येणार कुठून?

यंदा कुमारने सांगून टाकलं, "अजून एक बारी देऊ. लागलं तर पुण्याला जा, न्हाई लागलं तर विषय बंद." भोरच्या एका पतसंस्थेत त्याने तिच्यासाठी शब्द टाकून ठेवलाच होता. म्हणजे जे काय व्हायचं ते या जूनमध्येच.

एकट्या नुजहतने कामाचं काही दिलं. नुजहत तिची कॉलेजातली मैत्रीण, भोरच्या एसटी स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवायची. तिने जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा बांधून ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवला आणि फोन केला. "तुला येतं सगळं. घड्याळ लावून रोज एक पेपर सोडव, मधे उठू नकोस. बाकी काही करायची गरज नाही."

"रोज एक," सुलक्षणा म्हणाली, आणि दोघीही हसल्या. नुजहतला तिचं घर माहीत होतं.

त्या घरात मे महिन्यात माणसांची कमी नसायची. जत्रा होऊन गेली तरी जत्रेचे पाहुणे हलले नव्हते, लग्नाच्या पत्रिका घेऊन येणारे वेगळे. आणि पाहुणे असोत नसोत, सकाळी अकराला गेनबा तात्या ठरलेले. हे कुमारचे चुलत चुलते. चहा प्यायचा आणि सुलक्षणाला समोर बसवून मेव्हण्याच्या पोराची कथा सांगायची, तो कसा गोठ्यात बसून अभ्यास करून फौजदार झाला ते. कथा पाऊण तासाची होती. एकदा सासूबाईंनी, म्हणजे रतनबाईंनी, दारातच सांगून पाहिलं होतं, "भावजी, ती अभ्यास करतीय."

"व्हय का? बघू तरी कसला," म्हणत तात्या सरळ आत गेले, खाटेवर टेकले, प्रश्नपत्रिका उचलून पुढून मागून पाहिली आणि म्हणाले, "ह्यात तर समदे आकडेच हायेत की." मग मन एका जागी कसं ठेवावं यावर ते जेवणवेळेपर्यंत बोलले. तेवढा वेळ सुलक्षणाचं मन आणि शरीर दोन्ही त्यांनीच एका जागी ठेवलं होतं.

रतनबाईंनी मात्र तिला कधी धीराचा शब्द दिला नाही, की कौतुकाचा दिला नाही. पासष्टीच्या, गुडघ्यांनी बेजार, बोलणं मोजकं. सासू-सुनेत पाच वर्षांमागे एक मोठं भांडण झालं होतं आणि तेव्हापासून दोघी एकमेकींशी जरा जपूनच वागायच्या.

ते भांडण कावळ्यावरून झालं होतं. या घरात बाईला महिन्याची अडचण आली की कावळा शिवला म्हणायचं आणि तिला चार दिवस मागच्या खोलीत बसवायचं. चूल नाही, पाणी नाही, देवाकडे बघणं नाही, कुणाला शिवणं नाही. लग्नानंतर दोन वर्षं सुलक्षणा निमूट बसली. मुलगी झाली आणि तिने सांगून टाकलं, "आत्या, मी आता बसणार नाही. माझी मुलगी हे बघत मोठी होणार नाही." रतनबाई महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. गेनबा तात्यांनी दोन महिने त्या घरचा चहा सोडला, आणि सुलक्षणाला वाटलं होतं हे फारच स्वस्तात मिळालं. शेवटी ती जिंकली. मागच्या खोलीत कांदे, बियाण्याची पोती आणि फवारणीचा पंप जाऊन बसला. सासरी आल्यापासून तिने स्वतःसाठी मिळवलेली ही एकच गोष्ट होती, आणि तिला तिचा फार अभिमान होता.

परीक्षेला पाच आठवडे उरले असताना एका सकाळी तिने भाकऱ्या लवकर उरकल्या, मुलीला खाऊ-पिऊ घातलं, घड्याळ लावलं आणि पेपर सोडवायला बसली. सदतिसाव्या मिनिटाला पत्रिका घेऊन चार जण आले. चहा झाला, पोहे झाले. ते गेल्यावर तिने उरलेली मिनिटं लावली, तर मोबाईल वाजला. कुमारचा व्हिडिओ, 'सबबी सांगणारे लोक कधीच यशस्वी होत नाहीत'. तेवढ्यात अंगणातून गेनबा तात्यांचं खाकरणं ऐकू आलं. सुलक्षणा उठली, स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं पातेलं तिने ओट्यावर असं आदळलं की त्याचा कान निखळून पडला. मग भिंतीकडे तोंड करून ती रडायला लागली.

रतनबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, सुनेच्या पाठीकडे पाहिलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, आत येऊ नगा. सुनंला कावळा शिवलाय."

तात्या पायरीवर थबकले. "आँ? आता पाळताय व्हय तुमी?"

"व्हय. आजपासनं."

"आली म्हनायची सून ताळ्यावर," तात्या समाधानाने म्हणाले आणि आल्या पावली परत गेले. पाऊण तासाची कथा त्यांच्याबरोबर गेली.

सुलक्षणाचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिला काहीही शिवलेलं नव्हतं. "आत्या, हे काय बोललात तुम्ही? उद्या गावभर होईल. मी बसणार नाही हं."

"नगं बसू. सांच्याला आनिक सा पावनं हायेत, भाकरी थाप." रतनबाई पुन्हा लसणाशी जाऊन बसल्या. "न्हाईतर ती पुस्तकं घे आन् मागल्या खोलीत जा. चार दिस कुनी हाक मारनार न्हाई."

पाच वर्षांची कमाई एका वाक्यात गेली होती. सुलक्षणाची कानशिलं तापली. आपण बाणेदारपणे काहीतरी बोलावं असं तिला वाटत होतं. पण डोक्यात एकच हिशोब चालला होता, चार दिवस, दिवसाला दोन पेपर, म्हणजे आठ. तिने गठ्ठा उचलला आणि मागच्या खोलीत गेली. जाताना तिने दार आपटलं, तेवढाच बाणेदारपणा.

खोलीत कांद्याचा वास होता. बियाण्याच्या दोन पोत्यांवर फळी टाकून तिने टेबल केलं. पहिला पेपर ती सलग नव्वद मिनिटं बसून सोडवत होती, आणि साठाव्या मिनिटाला सवयीने तिचे कान टवकारले, आता कुणीतरी हाक मारणार. कुणी मारली नाही. जेवणाचं ताट दाराशी सरकवलं गेलं. दुसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की शेवटच्या चौदा प्रश्नांत सोपेच जास्त असतात. हे गेल्या वर्षी कळलं असतं तर ती एव्हाना पुण्यात शिकत असती. याचाही तिला राग आला. सगळ्यात जास्त राग याचा आला, की या खोलीत तिला बरं वाटत होतं.

संध्याकाळी कुमार उंबऱ्याबाहेर उभा राहिला. बायकोच्या तारखा सात वर्षांत त्याला कधी ठाऊक नव्हत्या, त्यामुळे त्याला शंका यायचं कारण नव्हतं. "बसायला लागलीस पुन्हा? आईला बरं वाटावं म्हणून का?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हातभर लांबून मोबाईल दाखवत म्हणाला, "पण जिद्द सोडू नगो. आजचा व्हिडिओ लई भारी हाय."

बारा दिवसांनी तिला खरोखरच अडचण आली. रतनबाईंनी दारातून पुन्हा जाहीर केलं. आता गेनबा तात्या काही संख्याशास्त्र शिकलेले नव्हते, पण बारापर्यंत मोजता त्यांना येत होतं. "एवढ्यात? वहिनी, पोरीची तब्येत बरी हाय न्हवं?"

"अंगावर जातंय तिच्या," रतनबाई म्हणाल्या. "दवाखान्यात दावलंय."

झालं. जी माणसं तोवर प्रेरणा द्यायला यायची ती आता औषधं घेऊन यायला लागली. आत यायला बंदी, म्हणून ती खिडकीखाली उभी राहून सांगायची. शेजारच्या बाळाबाई दूर्वांच्या रसाची वाटी गजातून आत ठेवून अर्धा तास आपल्या बहिणीचं दुखणं सांगत राहिल्या. सुलक्षणा मान डोलवत एका हाताने गणित सोडवत होती. नुजहतला तिने फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "पण सुलू, हे हसायचं आहे का गं?"

नव्हतंच. चार दिवस सगळ्यांच्या भाकऱ्या रतनबाई थापत होत्या. पाण्याची घागर उचलताना त्यांचा गुडघा लटपटलेला खिडकीतून दिसायचा आणि उठून धावायची चोरी, कारण अंगणात कुणी ना कुणी असायचंच. आणि मुलगी. पहिल्या दिवशी ती धावत आली ती उंबऱ्याशी येऊन थांबली. तिने पायाची बोटं उंबऱ्याला बरोबर टेकवली, पलीकडे एक बोटसुद्धा जाऊ दिलं नाही.

"ये की आत," सुलक्षणा म्हणाली.

"आजी म्हनली शिवायचं न्हाई. आई, तुला कावळा कुठं शिवला?"

सुलक्षणा उठली. एका पावलात जाऊन पोरीला कडेवर घ्यायचं आणि तशीच सगळ्यांदेखत अंगणातून फिरवून आणायची, असं तिच्या मनात होतं. अंगणात पाहुण्यांच्या चपलांचे पाच जोड दिसत होते. पोरीला एकदा उचललं की खोली गेली. घड्याळात चोपन्न मिनिटं उरली होती. ती परत खाली बसली. "जा, आजीकडं खेळ," ती म्हणाली आणि पुढचा प्रश्न वाचायला लागली. त्या पेपरात तिला आजवरचे सगळ्यात जास्त गुण पडले. ते तिने वहीत लिहिले नाहीत.

परीक्षेच्या आठवड्यात तिसऱ्यांदा कावळा शिवला. तोवर बोलणाऱ्यांनाही त्याची सवय झाली होती. परीक्षेच्या दिवशी पहाटे तात्या मुद्दाम सांगायला आले, की असल्या अंगाने पोरीला चांगल्या कामाला पाठवू नका. "कालच न्हाली ती," रतनबाई म्हणाल्या आणि सुनेच्या हातावर दही ठेवलं. कुमारने मोटारसायकल काढली. सारोळ्याहून तिला पुण्याची एसटी धरायची होती. पहिल्या वळणाला त्याने सुरुवात केली, "हे बघ, स्वतःवर विश्वास..." "अहो, जरा गप्प बसा," सुलक्षणा म्हणाली. सारोळ्यापर्यंत तो खरंच गप्प बसला. त्याने तिला दिलेली ही पहिली खरी मदत होती.

पेपरात तिने शंभरही प्रश्न वाचले. सोडवून झाले तेव्हा आठ मिनिटं उरली होती. ती काय करायची हे तिला कळेना, म्हणून तिने उत्तरं पुन्हा तपासली.

जुलैत यादी लागली. चाळीस जागा, सुलक्षणाचं नाव सतराव्या नंबरावर. कुमारने पेढे आणले आणि येईल त्याला व्हिडिओंचा कसा उपयोग झाला ते सांगायला लागला. अकराला गेनबा तात्या आले, दोन पेढे खाल्ले आणि म्हणाले, "मेव्हन्याच्या पोराचं म्या सांगत हुतो, ते तू ध्यानात ठेवलंस." सुलक्षणा हसली. आज तिला कुणाचंही काही चालणार होतं. ती मुलीला पेढा द्यायला म्हणून पडवीत गेली.

पडवीच्या कोपऱ्यात मुलीने पोतं अंथरून त्यावर बाहुली बसवली होती. बाहुलीपुढे एक पाटी, पाटीवर पेन्सिल. सुलक्षणा बाहुली उचलायला वाकली तशी पोर ओरडली, "शिवू नगो! तिला कावळा शिवलाय. आता ती पेपर सोडवनार."

तात्या दारातून मोठ्याने हसले. "बघा, पोरीला आत्तापासनं रीत कळाली. असं पायजे घर."

सुलक्षणाने बाहुली एका हातात आणि पोरीला दुसऱ्या हाताने कडेवर घेतलं. "तात्या, मला एकदाही कावळा शिवला नव्हता. एकदा अडचण आली होती, ती सगळ्या बायांना येते. बाकी दोन वेळा खोटं होतं. मी आत बसून अभ्यास करत होते."

तात्यांच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. कुमार आईकडे बघायला लागला, आई सुनेकडे. तात्या चपला पायात सरकवून निघून गेले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट भोंगवलीभर होणार आणि रतनबाईंना पुढे कितीतरी दिवस ऐकून घ्यावं लागणार, हे सुलक्षणाला बोलून झाल्यावर सुचलं.

स्वयंपाकघरात रतनबाई परातीपुढे बसल्या होत्या. सुलक्षणा मुलीला घेऊन शेजारी बसली. 

"झालं समाधान?" रतनबाई म्हणाल्या. "दोन वर्सं परीक्षा हायेत न्हवं तुझ्या? आता लोकान्ला काय सांगू म्या?"

"अभ्यास करतीय म्हणून सांगा."

"ते सांगून बघितलं की मागं. ऐकतंय का कोन?"

 तेवढ्यात सुलक्षणाचा मोबाईल वाजला आणि पाठोपाठ बाहेरच्या खोलीतून कुमारचा आवाज आला, "अगं, एक पाठवलाय बघ. यश पचवायचं कसं."

 "दे हिकडं," रतनबाई म्हणाल्या. त्यांनी मोबाईल घेतला, पिठाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.